वाळूवर तांबडी साय धरतेय : खाऱ्या पाण्याचा टँक, कोल्हापूर

खारंपाणी
मंडळी नमस्कार. टँकमध्ये वाळूवर आणि दगडांच्या आडोशाला तांबडा-जांभळट, बुळबुळीत थर धरतोय. काढला की चार-पाच दिवसांत पुन्हा तेवढाच. सगळे आकडे एकदमच देतो, म्हणजे कुणाला विचारत बसावं लागणार नाही.

टँक ४ × १.५ × १.५ फूट, खाली सम्प, म्हणजे फिल्टरची टाकी. दगड-वाळू वजा जाता पाणी साधारण २५० लिटर. वाळूचा थर ४ सें.मी. सम्पमधलं पाणी वर चढवणारा रिटर्न पंप ताशी २००० लिटरचा, टँकमधलं पाणी फिरवणारा वेव्हमेकर एकच, ताशी ४००० चा, उजव्या काचेवर. फेसातून घाण काढणारा स्किमर चालू आहे. दिवे सकाळी १० ते रात्री ९. क्षारता ३५ पीपीटी, तापमान दुपारी २९ पर्यंत जातं, अल्कलिनिटी ८.२ डीकेएच, नायट्रेट चाचणीच्या किटवर शून्य, फॉस्फेट ०.१२ पीपीएम (लिटरमागं मिलिग्रॅम). पाणी आटतं त्याची भर स्वयंपाकघरातल्या आरओच्या पाण्यानं. मासे तीन, दोन क्लाऊन आणि एक डॅमसेल; शिवाय एक क्लीनर कोळंबी. कोरल सगळे मऊ : मश्रूम, झोआ, ग्रीन स्टार.

दुकानात तांबड्या थरावरचं औषध मिळतंय. टाकावं, की आधी आणखी काही बघायचं राहिलंय?

प्रवाळ_प्रेमी
आधी ओळख पक्की करा. आपण याला शेवाळ म्हणतो, पण हे शेवाळ नव्हे. हे सायनोबॅक्टेरिया, उजेडावर स्वतःचं अन्न तयार करणारे जिवाणू. फायकोएरिथ्रिन या रंगद्रव्यामुळं ते तांबडे दिसतात. याच कुळातले काही हिरवे, काही काळपट असतात, म्हणून रंगापेक्षा पोत बघा.

दुपारी तीनच्या सुमारास टँकसमोर बसा. सायनो असेल तर वाळूवर अखंड पातळ चादर दिसेल, तापवलेल्या दुधावरच्या सायीसारखी. त्या सायीखाली टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे अडकलेले असतात. तो त्यांनीच तयार केलेला ऑक्सिजन. बुडबुडे वाढले की चादरीची कड वर उचलली जाते आणि पाण्याच्या झोताबरोबर हलायला लागते. कड चिमटीत धरून ओढली तर हातभर तुकडा सलग निघतो, खालची वाळू पांढरी स्वच्छ असते, आणि बोटाला ओल्या कुजक्या मातीसारखा वास येतो. सकाळी दिवे लागायच्या आधी बघितलं तर थर बराच विरळ झालेला असतो.

घोटाळा होतो तो इतर दोघांशी. डायटम म्हणजे तपकिरी पूड. बोट फिरवलं की धुरळ्यासारखी उडते, चादर निघत नाही. डायनोफ्लॅजेलेट तपकिरीच, पण शेंबडासारखे लोंबते धागे, टोकाला एकेक बुडबुडा, आणि टँकमधल्या गोगलगाई सुस्त होऊन पडायला लागतात. डायनोंवरचे उपाय जवळजवळ उलटे आहेत, म्हणून शंका आली तर ही चाचणी करा : थराचा तुकडा टँकच्याच पाण्यात घालून झाकणाच्या बाटलीत जोरजोरात हलवा. ते पाणी कॉफीच्या फिल्टर कागदातून किंवा जाड टिश्यूतून गाळा. गाळलेलं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन दिव्याखाली तासभर ठेवा. तासाभरात पाण्यात पुन्हा धागे-गोळे जमले तर डायनो. पाणी निवळच राहिलं तर सायनो किंवा डायटम. शाळा-कॉलेजची सूक्ष्मदर्शी मिळाली तर ४०० पटीत बघा. सायनोचे दोरे सरळ असतात, फार तर संथ सरकतात. डायनो गरगर फिरताना दिसतात.

खारंपाणी
चाचणी केली. तासानंतर पाणी निवळच. चादर, बुडबुडे, वास, सगळं तुम्ही लिहिलंय तसंच.

पंचगंगाकाठ
मग सायनोच. आता तुमच्या आकड्यांकडे येऊ, कारण उत्तर त्यातच आहे.

नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट ०.१२. बऱ्याच जणांना नायट्रेट शून्य बघून बरं वाटतं, पण हीच जोडी सायनोच्या पथ्यावर पडते. समुद्रातल्या प्लवकांमध्ये नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) यांचं प्रमाण अणूंच्या हिशेबात साधारण १६ ला १ असतं. समुद्रशास्त्रज्ञ अल्फ्रेड रेडफिल्ड यांनी अशा ठरावीक प्रमाणाची कल्पना १९३४ मध्ये मांडली. आपल्या किटच्या भाषेत म्हणजे वजनात नायट्रेट आणि फॉस्फेट साधारण १० ला १. हा काही टँकसाठी पाळायचा नियम नाही, पण दिशा कळते. तुमच्याकडं फॉस्फेट आहे आणि नायट्रेट संपलंय. कोरल आणि साधं शेवाळ नत्राविना अडून बसतात. सायनोच्या काही जाती मात्र पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायूच थेट वापरतात, जसं भुईमुगाच्या गाठीतले जिवाणू हवेतला वापरतात. सगळ्यांची जेवणं थांबली की रान यांना मोकळं मिळतं.

शिवाय किटवर शून्य दिसतं ते 'पाण्यात शिल्लक शून्य'. टँकमध्ये नत्र येतच नाही असा त्याचा अर्थ नाही. जे येतं ते ही चादर तिथल्या तिथं खाऊन टाकते.

दुसरं, प्रवाह. २५० लिटरला तासाला किमान २० पट, म्हणजे ५००० लिटर फिरायला हवं. कागदावर तुमचे ६००० होतात, पण रिटर्न पंप सम्पमधून वर चढवताना निम्म्यावर येतो आणि एकाच काचेवरचा वेव्हमेकर दगडांमागं पोचत नाही. थर नेमका कुठं धरतो ते कागदावर काढा, तोच तुमच्या मेलेल्या प्रवाहाचा नकाशा. दुसरा ४००० चा वेव्हमेकर पहिल्याच्या समोर, डाव्या काचेवर, थोडा वर, आणि दोघांचे झोत मध्यात एकमेकांवर आपटतील असे लावा. वाळू उडत नाही पण चिमूटभर खाद्य टाकलं तर कुठंच बसत नाही, इतका प्रवाह बरोबर.

तिसरं, दिवे ११ तास फार झाले. ८ पुरे. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन पडत असेल तर पडदा लावा.

आणि चौथं, स्वयंपाकघरातला आरओ. माझ्या मते तुमच्या टँकमधला खरा गुन्हेगार हाच. त्यावर स्वतंत्र लिहितो.

पंचगंगाकाठ
घरगुती आरओ पिण्यासाठी केलेला असतो. पाणी अगदी कोरडं लागू नये म्हणून त्यात टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर नावाचा खटका असतो, तो न गाळलेलं थोडं पाणी मेंब्रेनला, म्हणजे गाळणाऱ्या पडद्याला, वळसा घालून शुद्ध पाण्यात मिसळतो. वर मिनरलची कार्ट्रिज. म्हणजे पिण्याला उत्तम, टँकला वाईट. तुमच्या आरओच्या नळाखाली टीडीएस मीटर धरा. ५० च्या पुढं आकडा दिसला तर त्या पाण्यात काय काय आहे ते मीटर सांगत नाही, फक्त 'काहीतरी आहे' एवढंच सांगतो.

आता हिशेब बघा. कोल्हापुरात एप्रिल-मेमध्ये पंखा लावलेल्या ४ फुटी टँकमधून दिवसाला ५ लिटर पाणी सहज आटतं. आटतं ते शुद्ध पाणी, त्यातलं काहीही वर जात नाही. समजा भरीच्या पाण्यात फॉस्फेट ०.२ पीपीएम आहे. महिन्याला १५० लिटर भर, म्हणजे ३० मिलिग्रॅम फॉस्फेट आत. २५० लिटरमध्ये ते ०.१२ पीपीएम होतं. एका महिन्यात! मासे उपाशी ठेवले तरी हे येतच राहणार. आणि ०.२ पीपीएम फॉस्फेट टीडीएस मीटरवर दिसतही नाही.

म्हणून टँकसाठी वेगळी जोडणी करा : ५ मायक्रॉनचा सेडिमेंट फिल्टर, कार्बन ब्लॉक, मेंब्रेन, आणि शेवटी डीआय रेझिन, म्हणजे उरलेले क्षार धरून ठेवणारे दाणे. टीडीएस कंट्रोलर असेल तर पूर्ण बंद. रेझिन पारदर्शक भांड्यात घ्या. रंग बदलत तळाकडून वर चढतो, पाऊण भांडं बदललं की रेझिन बदला. शेवटी आकडा ००० यायला हवा. ००१ नव्हे, ०००. रेझिन थकलं की ते सगळ्यात आधी सिलिकेटच सोडून देतं, आणि तेव्हा मीटर अजून शून्यच दाखवत असतो, म्हणून रंगावर विश्वास ठेवा.

नळाला काळम्मावाडीच्या थेट पाईपलाईनचं पाणी असो वा पंचगंगेचं, क्लोरिन दोन्हीत असतोच. तो मेंब्रेन खातो, त्यामुळं कार्बन ब्लॉक वेळेवर बदला. पावसाळ्यात गढूळपणा वाढतो तेव्हा सेडिमेंट फिल्टर बघता बघता तांबूस होतो. आधी आणि नंतर एकेक प्रेशर गेज लावला तर बदलायची वेळ आकड्यातच कळते. बोअरचं पाणी असेल तर आणखी जपून. ऊसपट्ट्यात रानातला नत्र झिरपून खाली उतरतो, आणि त्या पाण्यावर मेंब्रेन-रेझिन लवकर थकतात.

वेळणेश्वर_वारा
आरओचा एवढा खटाटोप करण्यापेक्षा आंबा घाटातून रत्नागिरीला गेलं की खरंखुरं समुद्राचं पाणी मिळतं. १३० किलोमीटर. महिन्याला एक फेरी, ५०-६० लिटर. मीठही विकत घ्यायला नको.

पंचगंगाकाठ
पाणी बदलायला ते चालेल, पण भर घालायला नाही. आटल्याच्या जागी खारं पाणी टाकलं तर क्षारता चढत जाते. भर नेहमी गोड्या, शून्य टीडीएसच्या पाण्याचीच. म्हणजे आरओ-डीआय सुटत नाही.

प्रवाळ_प्रेमी
आणि समुद्राचं पाणी आणणाऱ्यांसाठी : खाडीच्या मुखाशी किंवा बंदराजवळ भरू नका. उघड्या खडकाळ किनाऱ्यावर, भरतीच्या वेळी, कमरेएवढ्या पाण्यातून घ्या. पावसाळ्यात आणि त्यानंतर महिना-दीड महिना नाहीच, नद्यांचं गोडं आणि गढूळ पाणी किनाऱ्याला चिकटून असतं. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर सोबत न्या, ३४-३५ दिसलं तरच कॅन भरा. फेब्रुवारी ते मेच्या दरम्यान कधी कधी पाण्यावर लाकडाच्या भुशासारखे तपकिरी पट्टे तरंगताना दिसतात. तो ट्रायकोडेस्मियम, अरबी समुद्रातला सायनोबॅक्टेरियाच. नायट्रोजन स्थिर करणाऱ्यांपैकी. ते पट्टे असतील त्या दिवशी रिकामे कॅन घेऊन परत या.

येताना दगड किंवा प्रवाळाचा तुकडा मात्र उचलू नका. टणक प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. मेलेला दिसला तरी हात लावायचा नाही.

वेळणेश्वर_वारा
भर आणि बदल यात मी गफलत केली, बरोबर आहे तुमचं. भुशाचे पट्टे बघितलेत, ते सायनो असतात हे नव्हतं माहीत.

सम्पवाले
आता प्रत्यक्ष काढायचं कसं ते लिहितो. इथं बहुतेक जण चुकतात. ब्रशनं घासतात किंवा झोतानं उडवतात, मग तुटलेले दोरे टँकभर पसरतात आणि आठवड्यानं जिथं नव्हतं तिथंही दिसायला लागतं.

वेळ दुपारी तीन ते चार. चादर तेव्हा सगळ्यात जाड आणि बुडबुड्यांनी सैल झालेली असते. सकाळी ती वाळूत दबलेली असते, निम्मी हाती लागत नाही.

२५ लिटर खारं पाणी आदल्या दिवशी कालवून ठेवा. मीठ डब्यावरच्या प्रमाणानं, साधारण लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम. २४ तास पंपानं फिरवा, क्षारता आणि तापमान टँकशी जुळवा. मग टँकचे सगळे पंप बंद. आतून ८ मि.मी. ची मऊ नळी घ्या, हवेच्या पंपाची ४ मि.मी. ची नळी लगेच तुंबते आणि १२ ची वाळू ओढते. नळीचं तोंड चादरीच्या कडेवर, वाळूपासून बोटभर वर. कड आत शिरली की बाकीची चादर मागोमाग गुंडाळत येते, मध्येच हात हलवून तोडू नका. दुसऱ्या हातानं नळीचं बादलीकडचं टोक चिमटीत धरा, वाळू येऊ लागली की दाबा. २५ लिटर संपेपर्यंत एवढंच. उरलं तर दोन दिवसांनी.

दगडाच्या फटीत आणि झोआच्या बुडख्याशी नळी जात नाही. तिथं मेडिकलमधली ५० मि.ली. ची लांब टोकाची सिरिंज. फुंकायची नाही, ओढायची. पाणी गाळून टँकमध्ये परत ओतायचा मोह होतो, पण १०० मायक्रॉनच्या पिशवीतूनही दोरे निसटतात. बादली बागेत नको, खारं आहे, मोरीतच.

त्याच दिवशी सम्पचा तळ, फिल्टर सॉक (पाणी गाळणारी कापडी पिशवी) आणि वेव्हमेकरच्या जाळ्या साफ करा. सॉक दर तीन-चार दिवसांनी बदलायचा, नाहीतर त्यात अडकलेलं खाद्य तिथंच कुजून फॉस्फेट सोडतं. मग सॉक असून नसून सारखाच. वाळू दर आठवड्याला एक चतुर्थांश भागच उपसा, महिन्यात सगळी होते. तुमचा थर ४ सें.मी. आहे म्हणून हे चालतं. १० सें.मी. चा जुना थर कधीही ढवळू नका. तळाशी हायड्रोजन सल्फाईड असतो, सडक्या अंड्याचा वास आला की थांबा.

तळ्याकाठी
एक गोष्ट राहिली. खाद्य. गोठवलेलं मायसिस (बारीक कोळंबीसारखे जीव) किंवा बाजारातली कोळंबी किसून घालत असाल तर वितळलेलं गढूळ पाणी टाकून द्या, चहाच्या गाळणीत आरओच्या पाण्यानं धुवा आणि मगच घाला. दोन मिनिटांत जेवढं संपेल तेवढंच. तीन माशांना एवढं पुरतं.

खारंपाणी
आरओचा आकडा बघितला : ७४. खटका सापडला, बंद केला. डीआयची जोडणी मागवलीय. नायट्रेट वाढवायचं म्हणजे खाद्य वाढवू का?

पंचगंगाकाठ
नको, खाद्याबरोबर फॉस्फेटही येतं. नत्र एकटा घालायचा. शेतीवाल्यांना ओळखीचं आहे, पोटॅशियम नायट्रेट, १३:००:४५. मधला आकडा स्फुरदाचा आणि तो शून्य आहे, म्हणून हे. पण खताच्या पुडीत रंग आणि इतर भेसळ असू शकते, प्रयोगशाळेच्या दर्जाचं घ्या, पाव किलो वर्षानुवर्षं पुरतं.

शून्य टीडीएसच्या ५०० मि.ली. पाण्यात २० ग्रॅम विरघळवा. या द्रावणाचे १० मि.ली. तुमच्या २५० लिटरमध्ये नायट्रेट साधारण १ पीपीएम वाढवतात. दिवसाला एवढंच, सम्पमध्ये, हळूहळू. एक दिवसाआड किट. पहिले काही दिवस आकडा हलणारच नाही, सगळे भुकेलेले असतात. ५ पीपीएमवर स्थिर झालं की रोजचा डोस बंद करा आणि किती वेगानं उतरतं ते बघा. पोटॅशियमची चिंता नको : १ पीपीएम नायट्रेटमागं ते ०.६३ पीपीएम येतं आणि समुद्राच्या पाण्यात मुळात ४०० च्या आसपास असतं.

खतातलं कॅल्शियम नायट्रेट घेऊ नका, त्यात अमोनियम असतं. १९:१९:१९ तर चुकूनही नको, त्यात स्फुरद आणि अमोनियम दोन्ही.

फॉस्फेटसाठी फेरिक ऑक्साईडचे दाणे वापरायचे तर डब्यावरच्या मापाच्या चौथ्या हिश्शानं सुरुवात करा. ०.१२ हा फार मोठा आकडा नाही. तो एकदम शून्यावर आणला की सायनो जाऊन डायनो येतात, आणि डायनो काढणं याच्या दसपट अवघड. ०.०५ च्या आसपास थांबा. पहिले काही दिवस फॉस्फेट उतरून पुन्हा चढेल, दगड आणि वाळू चुन्याची असते, तिनं धरून ठेवलेलं फॉस्फेट ती परत सोडते. आणि हॅना कंपनीचा फॉस्फरस मोजणारा चेकर असेल तर पीपीबीमधला (पीपीएमच्या हजाराव्या भागातला) आकडा ३.०६६ नं गुणून १००० नं भागायचा. ३० आलं तर फॉस्फेट ०.०९ आहे, ०.०३ नाही. या गुणाकारात बरेच जण फसतात.

तळ्याकाठी
चादर काढल्यावर तीन दिवस अंधार केला तर लवकर आटोक्यात येतं. काळं कापड चारी बाजूंनी, ७२ तास, पंप आणि स्किमर चालूच. मऊ कोरल एवढं सहज सोसतात. शिवाय हायड्रोजन पेरॉक्साईड, ४० लिटरला १ मि.ली. रोज, आठवडाभर.

सम्पवाले
अंधार बरोबर. पेरॉक्साईडबद्दल थांबा. तुम्ही दिलेला डोस ३ टक्क्यांच्या पेरॉक्साईडचा आहे. आपल्या मेडिकलमध्ये मिळतो तो बहुधा ६ टक्क्यांचा, बाटलीवर '२० व्हॉल्यूम' लिहिलेलं असतं. म्हणजे डोस निम्मा, ४० लिटरला अर्धा मि.ली. २५० लिटरला ३ मि.ली. च्या आसपास, ६ नव्हे. आणि यांच्या टँकमध्ये क्लीनर कोळंबी आहे. लिस्माटा जातीच्या कोळंब्या पेरॉक्साईडला फार हळव्या, योग्य डोसातही दगावतात. या टँकला नकोच.

तळ्याकाठी
बरोबर, टक्केवारी लिहायला हवी होती. कोळंबीचंही ध्यानात आलं नाही. वरचा डोस कुणी वापरू नये, दुरुस्ती वाचा.

उचगाव_रीफ
मूळ प्रश्न औषधाचा होता म्हणून लिहितो. केमिक्लीनसारखी औषधं काम करतात, ते खोटं नाही. ३८ लिटरला एक मापटं, ४८ तास, मग २० टक्के पाणी बदल. यात पाण्याचा अंदाज टँकच्या मापावरून नाही, प्रत्यक्ष पाण्यावरून : २५० लिटरला साडेसहा मापटी. आधी शक्य तेवढा थर नळीनं काढा. कार्बनचा फिल्टर, यूव्हीचा दिवा काढून ठेवा. स्किमरचा कप काढा, नाहीतर फेस जमिनीवर येतो. आणि हवेचा दगड लावलाच पाहिजे, मोठा, सतत.

हे शेवटचं मी दोनदा सांगेन. एवढा थर एकदम मरतो तेव्हा कुजताना पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतो. २९ अंशांच्या पाण्यात मुळातच ऑक्सिजन २५ अंशांच्या पाण्यापेक्षा कमी मावतो. त्यात वळवाच्या पावसात लाईट गेली तर चार तासांत मासे वर येऊन गटांगळ्या खातात. इन्व्हर्टरवर निदान एक वेव्हमेकर आणि हवेचा पंप टाका, नाहीतर बॅटरीवरचा हवेचा पंप चार्ज करून ठेवा. ही सोय नसेल तर औषध टाकूच नका. आकाश भरून आलं असेल त्या दिवशीही सुरू करू नका.

एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या विरघळवून टाकतात काही जण. त्यानं सायनो मरतो, पण डोस मी लिहिणार नाही. ते माणसांचं अँटिबायोटिक आहे, चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, आणि टँकमधून मोरीत गेलेलं पाणी शेवटी पंचगंगेलाच मिळतं. अर्धवट डोसात उरलेले जिवाणू निर्ढावतात ते वेगळंच.

औषध टाकून कारण तसंच राहिलं तर तीन ते सहा आठवड्यांत थर परत येतो. रंकाळा हिरवा पडायचा तो याच कुळातल्या जिवाणूंनी, आणि तिथंही प्रश्न नाल्यांतून येणाऱ्या सांडपाण्याचा होता, वरून काय टाकायचं याचा नव्हता. तुमच्या टँकचा नाला म्हणजे ७४ टीडीएसचा तो आरओ.

प्रवाळ_प्रेमी
सहमत. आणि कुणी 'सायनो खाणारी गोगलगाय' म्हणून विकायला आलं तर घेऊ नका. सेरिथ थोडंफार खातात, नॅसॅरियस वाळू हलवत राहतात, पण चादर खाऊन संपवणारा प्राणी नाही. नायट्रेट-फॉस्फेट उतरवायला व्होडका-व्हिनेगरचा डोस कुणी घालत असेल तर तो आधी हळूहळू कमी करा, त्यातून येणारा जादा सेंद्रिय कार्बन हे सायनोचं आवडतं खाद्य.

खारंपाणी
सोळाव्या दिवसाचे आकडे. भरीचं पाणी ०००. दुसरा वेव्हमेकर डाव्या काचेवर. दिवे ८ तास. पाणी बदल आणि नळीनं उपसा चार वेळा, मध्ये ७२ तास अंधार. औषध नाही. नायट्रेट ४, फॉस्फेट ०.०८. वाळूवर चादर नाही, डाव्या मागच्या कोपऱ्यात तळहाताएवढा ठिपका आहे. समोरच्या काचेवर आणि वाळूच्या वरच्या पदरावर मात्र आता फिकट तपकिरी पूड दिसतेय. डायनो तर नाहीत?

प्रवाळ_प्रेमी
गोगलगाई काच चढताहेत का? धागे लोंबतात का? पुन्हा तीच बाटलीची चाचणी करा.

खारंपाणी
गोगलगाई नीट फिरताहेत, धागे नाहीत. गाळलेल्या पाण्यात तासानंतर काही जमलं नाही.

पंचगंगाकाठ
मग डायटम. मोकळ्या झालेल्या वाळूवर आधी तेच बसतात, आणि जुन्या भरीच्या पाण्यातलं सिलिकेट संपेपर्यंत राहतात. काच पुसा, वाळूला हात लावू नका. कोपऱ्यातल्या ठिपक्याकडं दुसऱ्या वेव्हमेकरचं तोंड पंधरा अंशांनी वळवा. नायट्रेटचा डोस आता एक दिवसाआड, ५ मि.ली.

सम्पवाले
आणि वळवण्याआधी तो ठिपका सिरिंजनं ओढून घ्या. झोत आधी लावलात तर तुकडे उजवीकडच्या झोआत जातील.